जमादार गुलबाच्या चौथ्या भागापायी बंद पडलेल्या मोजणीस नवी तारीख मिळणेबाबत

प्रति,
मा. उपअधीक्षक,
भूमी अभिलेख कार्यालय, दौंड,
जि. पुणे.

विषय : मौजे वरवंड येथील श्रीमती कस्तुराबाई यांच्या रस्त्याची मोजणी बंद पाडल्याचा खुलासा, व ती मोजणी पुन्हा लवकर होणेबाबत.

संदर्भ : आपले दि. २४ जानेवारी २०२५ चे खुलासा मागणारे पत्र.

अर्जदार : वजीर रमजान तांबोळी, वय ५८, धंदा शिलाईकाम, रा. शिरूर (घोडनदी).

महोदय,

आपल्या पत्रात एकच प्रश्न आहे, की मोजणीच्या जागी अकरा इसम खाकी गणवेशात कशासाठी हजर होते. त्याचे उत्तर एका ओळीत बसत नाही, याबद्दल अर्जदार आधीच माफी मागतो.

१. 'जमादार गुलबा' या सिनेमाचे तीन भाग आले. तिसऱ्याच्या शेवटी गुलबा चोराचा पाठलाग करता करता मोटारसायकलीसकट कालव्यात पडतो, पाण्यावर नुसती टोपी तरंगते, आणि सिनेमा संपतो. त्याला नऊ वर्षे झाली. गुलबा जगला की बुडाला, हे कोणीही सांगितलेले नाही. हा शेवट वरवंडच्याच कालव्याच्या पुलावर घेतलेला आहे. शिरूर व दौंड तालुक्यांतील दोनशे चौदा प्रेक्षकांचा 'गुलबा येणार' हा व्हॉट्सॲप ग्रुप असून अर्जदार त्याचा अध्यक्ष आहे.

२. चौथा भाग कोणी काढावा, यावर ग्रुपमध्ये दोन तट आहेत. शिरूरकरांना पहिल्या भागाचेच दिग्दर्शक हवेत. त्यांनी सिनेमा सोडून डाळिंबाची बाग लावली आहे असे ऐकतो, पण माणूस बागेतून उठवता येतो, असे अर्जदाराचे मत. दौंडकरांना नव्या दमाचा माणूस हवा. त्यांचे पुढारी वरवंडचे बागायतदार पोपटराव. ते दुसऱ्या भागातील बाजाराच्या प्रसंगात पाठमोरे दिसतात, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आहे. डिसेंबरात ग्रुपवर बातमी पडली, की चौथा भाग एक बाई काढणार असून त्या जागा बघायला गुपचूप येणार आहेत. बातमी मूळ कोणाची, ते अद्याप कळलेले नाही.

३. दि. २१ जानेवारी रोजी सकाळी आठ वाजता पोपटरावांचा फोन आला. "वजीरभाई, बाई आल्या! काळा चष्मा हाय, तीन पायाचा कॅमेरा हाय, आन् पुलावर बरोब्बर गुलबा पडला तिथंच उभ्या हायत!" अर्जदाराची पत्नी खुर्शिद शेजारीच होती. ती म्हणाली, "आधी इचारा तरी, बाई कोण हाय ती." अर्जदाराने विचारले नाही. चौथ्या भागाच्या पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला घालायचे म्हणून शिवून ठेवलेले गुलबासारखे अकरा पोलिसी गणवेश आणि ते घालणारे सभासद त्याने जीपमध्ये भरले आणि न्हावरा-केडगावमार्गे वरवंड गाठले.

४. त्या बाई म्हणजे आपल्या कार्यालयाच्या भूकरमापक अनिता मॅडम, आणि कॅमेरा म्हणजे मोजणीचे यंत्र. मॅडमनी पहिल्यापासून खरेच सांगितले, हे अर्जदार लिहून देतो. "मी मोजणीला आलेय," असे त्या तीनदा म्हणाल्या. त्यावर पोपटराव अर्जदाराच्या कानात म्हणाले, "बातमी फुटू ने म्हणून तसंच बोलत्यात." मदतीचा माणूस आला नव्हता, म्हणून मॅडमनी पोपटरावांच्या हाती लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी दिली व पलीकडे सरळ धरायला सांगितली. पोपटरावांनी ती सिनेमात घेण्याची परीक्षा समजून काठी हातात घेतली आणि डोळ्यांत पाणी आणले. मॅडम ओरडल्या, "हलू नका!" पोपटराव म्हणाले, "रडताना थोडं हलणारच की, मॅडम." दुपारपर्यंत असे चार वेळा माप चुकले.

५. दरम्यान गणवेशातील मंडळी हमरस्त्याच्या कडेला रांगेत उभी होती. त्यांनी कोणालाही हात केला नाही. तरीही सोलापूरकडून येणारे ट्रक आपणहून थांबू लागले आणि चालक कागदपत्रे घेऊन खाली उतरू लागले. आमचे सभासद बाळासो यांनी एका चालकाला कागद परत देत सांगितले, "आम्ही खरे न्हाई." चालकास ते पटले नाही. वाहनांची रांग वाढली, खरे पोलीस आले, त्यांना पाहून बाळासोंनी घाबरून कालव्यात उडी घेतली, आणि जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाणी कमरेइतके असल्याने ते सुखरूप आहेत. मॅडमनी यंत्र आवरले आणि मोजणी तहकूब केली.

६. येथवर अर्जदाराला सारी गंमतच वाटत होती. तेवढ्यात कालव्यापलीकडून कस्तुराबाई आल्या. मोजणीचा अर्ज त्यांचा होता. वस्तीवर जायचा रस्ता दोन्हीकडच्या बांधांनी खाल्लेला आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या सुनेला बाळंतपणाला खाटेवर घालून बांधावरून न्यावे लागले होते. बाई ओरडल्या नाहीत. अर्जदाराच्या गळ्यातल्या मापाच्या टेपकडे बघून म्हणाल्या, "मामा, तुम्ही शिंपी ना? एका मापासाठी गिऱ्हाईक किती दिस थांबतं? मी चार साल थांबलेय." अर्जदाराने टेप काढून खिशात घातली. परतीच्या जीपमध्ये कोणी गुलबाचे नाव काढले नाही.

७. दि. २ फेब्रुवारी, रविवारी, दोन्ही तटांचे सत्तावीस सभासद कोयते घेऊन वस्तीवर गेले आणि मोजणीच्या आड येणारी बाभळी-घाणेरी साफ केली. बांधावरच्या दोन्ही शेजाऱ्यांच्या पायरीशी पोपटराव स्वतः जाऊन बसले. मोजणीस हरकत नाही, असे त्या शेजाऱ्यांनी लिहून दिले आहे. कागद सोबत जोडला आहे.

८. सबब विनंती, की अर्जदारावर जी कारवाई करायची ती खुशाल करावी, पण कस्तुराबाईंचा अर्ज पुन्हा रांगेच्या शेवटी न टाकता त्यांस याच महिन्यातील तारीख मिळावी. मोजणीस अनिता मॅडम यांनाच पाठवावे. यंत्र आवरताना मॅडम सहज बोलून गेल्या, की चौथा भाग पहिल्याच दिग्दर्शकांनी काढावा. त्यावरून दौंड तटाने भूकरमापक बदलून मागण्याचा ठराव केला होता. तो एकमताने मागे घेतला आहे. काठी धरायला पोपटराव नसतील.

९. आणखी एक बाब मोजणीशी संबंधित नाही, पण लपवणे बरे नव्हे. बाभळी तोडून झाल्यावर कस्तुराबाईंनी सर्वांना पिठलं-भाकरी वाढली आणि नातीच्या मोबाईलवर तिसरा भाग पहिल्यांदाच पाहिला. दिग्दर्शक कोण असावा, यावर दोन्ही तटांनी त्यांना कौल मागितला. त्या म्हणाल्या, "पूल समोर दिसत असून जो पाण्यात जातो, त्याला वर काढायला बाईच लागंल." नऊ वर्षांत प्रथमच ग्रुपमध्ये कोणीही उलट उत्तर दिले नाही.

खुलासा मान्य व्हावा आणि तारीख कळवावी, ही विनंती.

चूक कबूल असलेला, आपला नम्र,

(सही)
वजीर रमजान तांबोळी
दि. ३ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) दोन्ही शेजाऱ्यांचे ना-हरकत पत्र
२) साफ केलेल्या रस्त्याचे चार फोटो (एकात बाळासो मुद्दाम उभे आहेत, तिकडे दुर्लक्ष व्हावे)
३) अकरा गणवेश पोलीस ठाण्यात जमा केल्याची पोच