मीठ आणायला

सोलापूर, जून १९३५

क्वेट्ट्याहून धाकटे भावजी परतल्यापासून आमचा संसार अंगणात आहे. भूकंपात तिकडं डोंगरात अंगावर छप्पर कोसळलं, तेव्हापासून ते छपराखाली पाऊल टाकत नाहीत. सासूबाई त्यांना एका शब्दानं टोकत नाहीत. शेजारणीला म्हणाल्या, "घरात लई उकडतंय, म्हणून समदी भाईर." ताटं-पातेली वाहून जीव मात्र माझा मेटाकुटीला!

आज पानं वाढली, तर मीठच नाही. असं कसं विसरले? मीठ तर सगळ्यांत आधी वाढते मी. वाटी आणली होती की. उठणार, तोच सासूबाईंनी माझा गुडघा दाबला. अच्छा! म्हणजे वाटी यांनीच आत नेऊन ठेवली.

"वसंता, मीठ राहिलं बघ. आण की जरा."

भावजी उंबऱ्याशी थबकले. चौकटीला हात लावून उभे. आम्ही सगळे आपापल्या पानात बघत बसलो. मग गेले, आणि मूठभर मीठ घेऊन धावतच बाहेर आले. निम्मं वाटेत सांडलं. एरवी खडा सांडला तरी सासूबाई ओरडतात. आज तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

"आता लोणचं," त्या म्हणाल्या. "बरणी पार मागच्या खोलीत हाय."