लीनाचा बिल्ला

३ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझा अपमान झाला. तोवर सगळं झकास होतं: चंदीगडचं कोवळं ऊन, भाची नेत्राच्या हातचे पोहे, वेळेवर आलेली बस. मी, शैलजा गुप्ते, पुण्यात मेट्रन म्हणून निवृत्त झालेली. इथल्या एका खाजगी रुग्णालयात रुजू झाले. नर्सेस टिकत नाहीत, त्यांना खंबीर राहायला शिकवायचं म्हणे. मुलींना दोन-दोन पाळ्या राबवायचं आणि वर श्वासाचे व्यायाम!

मॅनेजर मल्होत्राने मला बिल्ला दिला, 'लीना' नावाचा. सोडून गेलेलीचा बिल्ला नवीला, ही इथली रीत. मुली टिकतात कुठे, नवे कशाला करायचे, असं दात काढत म्हणाला. आमच्या कॉन्व्हेंटात असल्याला बाकावर उभं केलं असतं.

५ नोव्हेंबर
इथे कुणी रडत नाही, चिडत नाही. मल्होत्रा याला यश म्हणतो. माठ! 'यामिनी' बिल्लावालीला खरं नाव विचारलं. बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, यामिनी ही तो हूँ, जी.

७ नोव्हेंबर
सात नंबरच्या आजोबांनी विचारलं, लीना बेटा, आता रडत नाहीस ना? बेटा! मी पासष्टची. माणसं कमी, म्हणून त्यांना सलाईन मीच लावलं. उजव्या हाताची शीर मिळत नाही म्हणून थेट डावा धरला. पण हे मला सांगितलं कुणी?

१० नोव्हेंबर
बिल्ला घरीच ठेवला. तरी सगळ्यांची लीनाच. मल्होत्राकडे माझ्या नावाचा बिल्ला मागितला. पहिल्या लीनानेही हेच मागितलं होतं, म्हणाला. ती कुठे गेली, मी विचारलं. जायचीये कुठे, ड्यूटीवरच आहे की, म्हणाला.

११ नोव्हेंबर
नेत्राने दार उघडलं. म्हणाली, बसा सिस्टर, मावशी अजून ड्यूटीवरून आली नाही. पाहुण्यांच्या कपात चहा दिला. मी ओरडले — तिने पाणी आणलं. फार दमता ना तुम्ही लोक, म्हणाली.

१२ नोव्हेंबर
आज रडू येत नाही. राग — राग तेवढा धरून ठेवलाय.
मल्होत्रा, नीट वाच. माझं नाव परत हवं. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. लेखी, शिक्क्यानिशी. तोंडी थापा नकोत. उत्तर या नावाने पाठव —
सिस्टर ली—
नाही. शै—
शै नंतर काय