एक माप मोठे बूट

आप्पा,

लेकीनं पुण्याहून मनगटावर बांधायचं एक यंत्र पाठवलंय. दिसतं घड्याळासारखं, पण वेळ सांगणं हे त्याचं अगदी किरकोळ काम. मी किती चालले, छाती किती धडधडली, झोप नीट झाली का, सगळं मोजतं, आणि फार वेळ बसून राहिले की आवाज न करता नुसतं थरथरतं. ऊठ म्हणतं. सोबत बूटही आलेत, मऊ तळव्याचे, जांभळ्या नाडीचे. डॉक्टरांनी साखर सांगितल्यापासून मी रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारते. आपल्याच मैदानाला. आता त्याच्या कडेनं फरशीची वाट झालीय, आणि आपले खो-खोचे खांब होते तिथं व्यायामाची रंगीत यंत्रं बसवलीत. बायका साडीवर बूट घालून त्यांच्यावर झुलत असतात. तुम्ही पाहिलं असतं तर आधी म्हणाला असतात, "बैठका मारायला यंत्र कशाला लागतंय?" आणि मग कुणी बघत नाही असं पाहून स्वतःच चढला असतात.

त्या वेळी मैदानाला फरशी नव्हती, कुंपणही नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ मागं पडून दोन-तीन वर्षं झाली असतील. तुम्ही अक्कलकोट रोडच्या चादरींच्या कारखान्यात मागावर होता, आणि पाळी संपली की सायकल तशीच मैदानाकडे वळवायचात. गल्लीतल्या पोरी गोळा करून त्यांना खो-खो शिकवायचं तुमच्या डोक्यात कुठून आलं देव जाणे. पानाच्या टपरीवरची माणसं ओरडायची, "पोरींना पैलवान करता का काय, मामा?" तुम्ही त्यांच्याकडे बघून हसायचात, कारण तुम्हाला ते ऐकूच आलेलं नसायचं. मागांच्या खडखडाटानं तुमचे कान कधी गेले हे घरात कुणालाच नेमकं सांगता येत नव्हतं. आई आधी मोठ्यानं बोलू लागली, मग ओरडू लागली, आणि एक दिवस आमच्या लक्षात आलं की ती आता तुमच्या खांद्याला हात लावल्याशिवाय बोलतच नाही. कारखान्यात तुमचं ऐकण्यावाचून अडत नव्हतं. तिथं ऐकू येणाऱ्यालाही ऐकू येत नसे. माणसं ओठांनी आणि हातांनीच बोलत. धागा तुटला, चहा आला, मालक आला, प्रत्येकाची एकेक खूण. ती बोली तुम्ही घरी कधी आणली नाहीत. मी एकदा शिकवा म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, "तुला काय करायचीय? तुला मागावर बसायचं न्हाय."

तिला मात्र ती येत होती. मागच्या गल्लीतल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची मुलगी, माझ्याच वर्गातली. त्यांच्या बाहेरच्या खोलीतच माग होते आणि ती खोली रांगत ओलांडायच्या वयापासून ती हातांनी बोलायला शिकली होती. पहिल्याच दिवशी ती मैदानाच्या त्या टोकाला उभी राहिली, हात वर करून काहीतरी म्हणाली, आणि तुम्ही या टोकाहून उत्तर दिलंत. मधे आम्ही सगळ्या पोरी. मी तुमच्या अगदी शेजारी उभी होते, आप्पा. तुमचा चेहरा इतका मोकळा झालेला मी घरी कधी पाहिला नव्हता. घरी गेल्यावर मी आईला सांगितलं. आईनं भाकरी तव्यावर जरा जोरातच टाकली. "हितं हाक मारून मारून माजा घसा बसला, आन् तितं त्या पोरीसंगं मुक्यानं गप्पा चालत्यात व्हय!" त्या एका वाक्यासाठी मला आई किती आवडली होती.

ती पळायचीही माझ्यापेक्षा चांगली, हे मी तेव्हाच मान्य करून टाकलं होतं. माझी खोड तुम्हाला माहीतच आहे. पाठीवर थाप बसून 'खो' ऐकू आल्याशिवाय उठायचं नसतं, आणि मी आधीच उठायची. तुम्हाला 'खो' ऐकू येत नसल्यामुळं तुमची नजर सगळा वेळ हातांवर असायची, त्यामुळं माझी चूक एकदाही सुटली नाही. "घाई काय हाय तुला? खो काय पळून चाललाय?" शेवटी तुम्ही मला ओळीतून उठवलंत, शाळेतून मागून आणलेलं स्टॉपवॉच माझ्या गळ्यात घातलंत आणि लिंबाखाली बसवलंत. मी वेळ लावायची. कुणाची? तिची. ती किती वेळ हाती लागत नाही, हे मी बसून मोजायचं. वेळ थोडी कमी सांगावी असं रोज मनात यायचं, पण सांगितली नाही. तिची वेळ रोज वाढत गेली आणि ती वाढलेली वेळ दरवेळी माझ्याच तोंडून तुम्हाला कळत गेली, एवढंच.

मग ते बूट. संध्याकाळ आहे, तुम्ही सायकल भिंतीला टेकवताय, मागच्या कॅरिअरला वर्तमानपत्रात बांधलेलं खोकं आहे. मी ते उघडते. पांढरे कापडी बूट, रबराचा वास येणारे. मी पाय घालते, पाय आत सरकतो, टाचेमागं बोट जाईल एवढी जागा उरते. मला जराही शंका येत नाही. आपल्या घरात माझं सगळं वाढत्या अंगाचंच यायचं. फ्रॉक एक माप मोठा, चप्पल एक माप मोठी. म्हणजे हे माझेच. मी ते घालून न्हाणीपर्यंत जाते, परत येते, आईला दाखवते, पुढं कापडाचा बोळा कोंबून पुन्हा चालते. तुम्ही तोंड धुऊन येता, माझ्या पायांकडे बघता आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा तुमच्या आवाजात म्हणता, "काढ ते. मळतील. त्या पोरीचं पाय भाजत्यात मैदानात. तुला चप्पल हाय की." मी मान खाली घालून काहीतरी बोलले. तुम्ही "काय?" म्हणालात. मी पुन्हा बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मैदानावर ती ते घालून पळाली आणि मी वेळ लावली.

त्यानंतर तुम्हा दोघांचं एक नवीनच सुरू झालं. तुम्ही उजव्या हाताचा अंगठा हवेत दोनदा दाबल्यासारखा करायचात, ती लिंबाखाली माझ्याकडे बघायची आणि मान डोलवायची. कधी हसायचीही. मी एकदा मैदानात घुसून तुमचा सदरा ओढला. म्हणाले, काय बोलता माझ्याबद्दल? पुन्हा तेच, मान खाली घालून. सामना अर्ध्यावर होता. तुम्ही ओरडलात, "बस की गप! घड्याळ बघ!" टपरीवरची माणसं हसली. तुमच्या आवाजाला तुमचाच अंदाज नव्हता, हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की तिच्याशी बोलताना तुम्हाला आवाज लागत नाही, आणि माझ्या वाट्याला येतो तो नुसता आवाज.

आज सकाळी ती भेटली, आप्पा. मंद्रूपला दिली होती. आता लेकाकडे राहायला आलीय. अंगानं भरलीय, गुडघे धरून चालते, पायात रबरी स्लिपर. मी माझ्या यंत्रात बघत चालले होते, तेवढ्यात समोर येऊन उभी राहिली. "बूट लई भारी हायत की गं." मी म्हटलं, लेकीनं पाठवले. "मापाचे हायत?" म्हणाली आणि स्वतःशीच हसली. "मामानं मला घेतले तवा काय केलंवतं ठावं हाय? हितंच फरशीच्या तुकड्यावर मला उभी करून खडूनं माजा पाय काढून घेतला, कागदावर उतरवला, आन् दुकानात घेऊन गेले. जल्मात पयल्यांदा मापाचं कायतरी घातलं बघ." माझं माप तुम्ही कधी घेतलं नाहीत. मोठं घेतलंत, नेहमी.

तिला त्यातलं काही दिसलं नाही. फेरीभर बरोबर चालली, आणि मधेच म्हणाली, "तू अजून तशीच मान खाली घालून चालतीस की." मग उजव्या हाताचा अंगठा हवेत दोनदा दाबला. तसाच, आप्पा. तुमचाच हात वाटला. "ह्यानंच बोलवायचे तुला. म्हंजे तुजं नाव. सायकलच्या दांडीवर बसून सगळा रस्ता घंटी वाजवत जायचीस म्हणं. 'मला ऐकू येत न्हाय, पण दांडीतनं हाताला कळतंय,' असं सांगायचे. कारखान्यात बी समद्यांना ठावं हुतं, हे केलं की मामाची पोरगी." मी विचारलं, मग माझ्याबद्दल बोलायचात तरी काय? "काय बोलणार? घंटी सावलीत हाय का बघ. घंटी पाणी पिली का बघ." मला का नाही सांगायचे, मी म्हटलं. ती सहज म्हणाली, "तू बोलतानी तोंड वर करायची न्हाईस. ओठ दिसायचे न्हाईत त्यांना. विचारलं तर उत्तर कसं कळणार?" आणि मग माझ्याकडे नीट बघून, "का गं, ठावं नव्हतं तुला?"

एवढी वर्षं मी जिचा हेवा केला, तिनंच मला माझं नाव आणून दिलं. कुणाला वाटेल, आता तरी हेवा संपावा. संपला नाही. घंटी वाजवणारी मी होते, आणि तुमच्या हातातलं ते नाव इतकी वर्षं सांभाळलं तिनं. तुम्ही ते मला एकदा, एकदाच घरी करून दाखवायचं होतं. मी तोंड वर केलं असतं.

हा कागद टपालपेटीत टाकायचा नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. बुटांचं खोकं रिकामं आहे, त्यात राहील. पण तिला काय उत्तर दिलं तेवढं तुम्हाला सांगते. "ठावं होतं की," मी म्हणाले, तिच्यासारखंच, आणि भरभर पुढं निघून गेले. वळणाच्या पलीकडं, ती दिसेनाशी झाल्यावर, अंगठा हलवून पाहिला. नीट जमला नाही. पुन्हा पाहायचा असेल तर उद्या तिलाच विचारावं लागेल, आणि आप्पा, तेच अजून माझ्याच्यानं होत नाही.