माशाचं डोकं

लाडक्या बहिणीस, बातिमास, बलखाशहून तुझ्या सायलाऊची मायेची आठवण.

मी बरा आहे. जेवतो, झोपतो. तुझे गुडघे कसे आहेत? ओराझदादा गेला, आता तुझ्या पोरीच्या लग्नात आशीर्वाद कोण देणार, असं तू विचारलंस. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस.

शनिवार-रविवार आमचे जुने दोस्त येरमेक आणि विक्टर यांनी मला मासेमारीला नेलं. "घरात बसून लोणचं होईल तुझं," येरमेक म्हणाला. गळाला मासा लागला तरी विक्टरलाच सांगावं लागे, "अरे, झोपलास काय? खेच की." माझ्या हाताला कळतच नव्हतं.

संध्याकाळी माशाचं सार झालं. येरमेकने डोकं माझ्या ताटलीत वाढलं. तो थोरल्याचा मान; तीस वर्षं दादाला मिळायचा. दादाला पुरून तीन महिने झाले, पण तो नाही हे मला त्या ताटलीने सांगितलं. रडू आलं नाही. खाल्लं, चव लागली नाही.

जेवणानंतरचा आशीर्वादही थोरल्यानेच द्यायचा; दोघांनी त्यासाठी तळहात उघडून धरले. मला शब्द सुचेनात. विक्टर हळूच म्हणाला, "सावकाश दे. आम्हाला कुठे गाडी पकडायची आहे?" मग दिला, मोडकातोडका. त्यांनी तोंडावरून हात फिरवले आणि भांडी घासायला गेले.

तेव्हा लग्नाला मी येतो. आतून अजून लाकूडच आहे गं, आणि दादासारखं बोलणं मला जमायचं नाही. मी मध्येच थांबलो, तर पोरीला म्हणावं, हात खाली घेऊ नकोस.

तुझाच,
सायलाऊ