हायपरचा ट्रे

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि वरच्या मजल्यावरची ठोकाठोक, तिन्ही आता शांत असतील अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.)

आमच्या हॉस्पिटलच्या लॅबला नवे साहेब आलेत. माणूस वाईट नाही, पण लहानपणी अंतराळयानांचे सिनेमे फार बघितलेत. नमुने ठेवायला आमच्याकडे दोन ट्रे होते, साधा आणि तातडीचा. साहेबांना 'तातडीचा' हा शब्द मरगळलेला वाटला, म्हणून त्याजागी 'वॉर्प' आला. म्हणजे काय, तर यान इतक्या वेगात सुटतं की चांदण्यांच्या रेघा होतात. (आमच्याकडे रेघा फरशीवर, त्याही स्ट्रेचरच्या चाकांच्या.) झालं! ज्याला त्याला वॉर्प हवं. मग साहेबांनी त्याच्याही वर 'हायपर' काढला. आता वॉर्डबॉय हायपरने जेवायला जातो नि तासाभराने उगवतो, धोबी वॉर्पने चादरी देतो नि ओल्याच देतो, आणि परवा एका डॉक्टरांच्या सासूबाईंची नेहमीची शुगरसुद्धा हायपरमध्ये येऊन बसली.

मग बाबांच्या पोटातल्या गाठीचा तुकडा तपासायला आला गं. मी तो हायपरमध्ये ठेवला, सगळ्यांत वर. आयुष्यात एवढा एकच वशिला लावला आणि तोच अंगाशी आला. त्याचं असं आहे, की रोज संध्याकाळी साहेब रिकामे झालेले ट्रे मोजतात. हायपर रिकामा होणं या जन्मी शक्य नाही, म्हणून आमच्या तपासणाऱ्या बाई साधा ट्रे आधी उरकून टाकतात. (त्यात असतंच काय, ज्यांचं कुणी नाही अशा दोघाचौघांचे नमुने.) बाईंच्या शेजारीच माझं टेबल असून हे माझ्या डोक्यात शिरायला आठवडा गेला. आठवडाभर आपले बाबा सगळ्यांत वेगवान ट्रेमध्ये धूळ खात पडले होते! मी बाईंवर ओरडलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, घरचं माणूस होतं तर साध्यात नाही का ठेवायचं?" मी बाबांच्या तुकड्याची डबी साध्यात हलवली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात.

बाकी विशेष काही नाही. भाऊजींना नमस्कार, पोरांना एकेक धपाटा.

तुझा,
धाकटा

ता. क. रिपोर्ट चांगला नाही. वर लिहायला हात धजावला नाही. सगळीकडे पसरलंय. डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशन करून उगाच हाल करू नका.

आणखी एक. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. रोज दारातच विचारतात, "आला का रे?" मी म्हणतो, लॅबमध्ये फार गर्दी आहे. मग जेवता जेवता ते साहेबांचा, बाईंचा आणि माझा उद्धार करतात, आळशी, कामचुकार, काय वाटेल ते म्हणतात, नि मी मान हलवतो. काल शिव्या देण्याच्या भरात दोन घास जास्त खाल्ले. मला नाही सांगवत, ताई. तू ये आणि तूच सांग. नाहीतर ये आणि माझ्याबरोबर खोटं बोल.