बाबूजी दगडावरून उठेनात

॥ श्री ॥
हिरडबांध, ता. साकोली, जि. भंडारा
दि. ३ ऑक्टोबर १९४५

ती. गं. भा. अनुसयाबाईस,
धाकट्या देवचंदचा शि. सा. नमस्कार. वि. वि. इकडे सर्व क्षेम, तुझ्याकडचे कळवावे.

बाई, उत्तराला उशीर झाला, कारण सध्या माझ्याकडे देशाचं काम आहे. मालगुजारांचा तलावाकाठचा शिकारीचा बंगला तुला ठाऊकच आहे. तुरुंगातून सुटलेल्या पुढाऱ्यांनी तिथे येऊन विसावा घ्यावा, शांतपणे देशाचा विचार करावा, असं ठरलं आणि मला कारभारी नेमलं. पहिलेच पाहुणे फार मोठे आहेत, गोरखपूरकडचे. सगळे त्यांना बाबूजी म्हणतात. आल्याबरोबर त्यांनी मौन धरलं. ते कधी सोडणार, हे मौन धरण्याआधी सांगायचं राहून गेलं.

सोबत एक चिटणीस आहेत. बाबूजी जेवढं बोलत नाहीत त्याच्या दुप्पट ते बोलतात. त्यांच्या हुकमाने बैलांच्या घंट्यांत चिंध्या कोंबल्या, गावातले कोंबडे पलीकडच्या टोलीच्या वस्तीवर पाठवले, आणि तलावातले सारस ओरडतात त्यांना समज द्या असं मला सांगितलं. मी हो म्हणालो. तुझी भावजय शामकला स्वयंपाकाला आहे. फोडणीचा आवाज नको म्हणून ती वरण तसंच वाढते. काल बाबूजींनी ताटाकडे बघून पोटावर हात फिरवला. चिटणीस म्हणाले, ही उपवासाची खूण आहे, आणि ताट उचलायला लावलं. बाबूजी ताटामागे दारापर्यंत आले होते. चिटणिसांच्या मते ते अन्नाला निरोप द्यायला आले.

सकाळ-संध्याकाळ ते तलावाच्या पाळीवर, पाणी सोडायच्या तुडुमाजवळच्या काळ्या दगडावर बसतात. जागा मीच दाखवली. सावली छान आहे.

तुझं धान कसं आहे? हस्त तर कोरडाच चालला आहे. माझ्या धानाच्या बांध्या पाळीखालीच आहेत म्हणून अजून ओल आहे. लोभ आहेच, मोठ्या कामातल्या माणसावर जरा जास्त करावा.
तुझा
देवचंद

खालची टोली
दि. ६ ऑक्टोबर

चि. देवचंदास अनुसयाबाईचे अनेक आशीर्वाद.

जागेश्वर गाडीवानाने पत्र आणून दिलं. देशाचं काम करतोस हे वाचून बरं वाटलं, पण अक्कल कुठे गहाण टाकलीस? तुडुमाजवळचा काळा दगड! बाबांच्या वेळेपासूनचा रिवाज विसरलास? हस्तात पाऊस आला नाही की त्या दगडावर जो बसेल तो पाण्याचा पंच. कोणाच्या बांधीला आधी, कोणाला मागून, ते त्याने सांगायचं. तो सांगेपर्यंत तुडूम उघडून पाटाला पाणी सोडायचं नाही, त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, आणि त्याला उठवायचं तर मुळीच नाही. अशा जागी तू मौनातला माणूस नेऊन बसवलास. तुझं बारसं करताना मी पेढा खाल्ला त्याचा आता पश्चात्ताप होतो.

माझं धान पोटरीत आहे. आता पाणी मिळालं नाही तर लोंबी आतल्या आत वाळेल. मग पुढचं तुला माहीत आहे. माझे दीर गुलाबचंद गोंदियाहून सारखा निरोप धाडतात की, वहिनी, भैया गए तेव्हाच सांगितलं होतं, शेती सोडा, हमारे यहाँ आकर रहो, दोन घास सुखाने खा. त्या दोन घासांसाठी त्यांच्या दुकानातल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक मला रांधायचा आहे, हे ते सांगत नाहीत. देवचंद, मला दुसऱ्याच्या चुलीपाशी म्हातारपण काढायचं नाही. मला खरंच भीती वाटते आहे.

त्या बाबूजींना दुसरी सावली दाखव. घरच्यांना आशीर्वाद.
तुझी बहीण
अनुसया

हिरडबांध
दि. ९ ऑक्टोबर

ती. बाईस सा. न. वि. वि.

तुझे जोडे मी डोक्यावर घेतले. पण आता फार उशीर झाला आहे. ऐक.

बाबूजी दगडावर बसलेले बकाराम पाटलांनी पाहिले. म्हातारा हरखलाच. इतका मोठा माणूस आपल्या पाण्याचा निवाडा कराले बसला, म्हणून त्यांनी लगेच नारळ फोडला, आणि वरच्या-खालच्या गावांतले शेतकरी येऊन बाबूजींच्या पुढे गप्प बसले. रिवाजच तसा, बोलायचं नाही. चिटणिसांना वाटलं, शेतकरी बाबूजींच्या मौनात सामील झाले. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी नागपूरच्या वर्तमानपत्रांना तार केली.

आता असं झालं आहे. एवढे लोक आपल्यासाठी मौन धरून बसलेत हे पाहून बाबूजींना उठवत नाही. आणि बाबूजी उठले नाहीत, म्हणजे निवाडा व्हायचा आहे, म्हणून लोकांना जाता येत नाही. पहाटेच तेही येतात आणि हेही येतात. एकदा बाबूजी अर्धवट उठले होते, पाय आखडला असावा. त्याबरोबर सगळे शेतकरी आशेने पुढे सरकले. बाबूजींना वाटलं, लोक आणखी बसायला सांगताहेत. ते पुन्हा बसले.

मी चिटणिसांना हळूच सांगायला गेलो की हे पाण्यासाठी बसलेत. त्यांनी शामकलेला सांगून सगळ्यांना पाणी प्यायला लावलं.

पाटलांनाही सांगून पाहिलं की बाबूजी मौनात आहेत. ते माझ्यावरच उखडले, म्हणाले, पंच मुका नाही राहीन त का बडबडा राहीन? विचार करून राहिले ते. तू कायले मधात येतं?

बाई, काय करू? तलाव तुडुंब आहे आणि पाटात धूळ उडते आहे. माझ्याही बांध्यांना आता तडे जात आहेत. लोभ कर, शिव्या दिल्यास तरी हरकत नाही.
देवचंद

खालची टोली
दि. ११ ऑक्टोबर

चि. देवचंदास आशीर्वाद.

काल गुलाबचंदांचा माणूस गाडी घेऊन आला होता. माझं सामान किती, ते बघायला. मी त्याला पाणी पाजलं आणि परत पाठवलं. बांधावर उभी राहून धान पाहिलं तर पानं सुरळी होऊन राहिली आहेत. सून वच्छला तोंडाने काही बोलत नाही, पण तिने ताटं-वाट्या एका जागी रचून ठेवल्या आहेत. ते पाहून मला रडू आलं.

तुझा कारभार तुझ्यापाशी ठेव. रविवारी मी येते आहे. जागेश्वरची गाडी सांगून ठेवली आहे. माझ्यासाठी रांधू नका.
अनुसया

हिरडबांध
दि. १७ ऑक्टोबर

ती. बाईस देवचंदचा साष्टांग नमस्कार, आणि या वेळी तो खरोखरचा आहे.

रविवारी तू पाण्याच्या पुढे पुढे चालत गेलीस ती मागे वळून बघायलाही थांबली नाहीस. म्हणून तू काय करून गेलीस ते मीच तुला सांगतो.

तू धानाचा अख्खा ठोंब मुळासकट घेऊन पाळीवर चढलीस तेव्हा मी बंगल्याच्या पायरीवर होतो. बकाराम पाटील हातवारे करून तुला बस म्हणत होते. चिटणीस तोंडावर बोट ठेवून पळत येत होते, आणि त्यांच्या स्वतःच्या चपलांचाच केवढा आवाज होत होता. तू कोणाकडे पाहिलं नाहीस. ठोंब बाबूजींच्या मांडीवर ठेवलास आणि एवढ्या माणसांत विचारलंस की, बाबूजी, बसून काऊन राहिले? पानी कोनाले पयले, सांगून टाका ना!

मला वाटलं, आता मी कारभारी राहिलो नाही.

पण बाबूजींनी ठोंब हातात घेतला. पोटरी नखाने हळूच उकलली. आतली लोंबी पाहिली. बाई, तो माणूस भाताच्या मुलुखातला आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी भरलेल्या तलावाकडे पाहिलं, कोरड्या पाटाकडे पाहिलं, आणि मौन मोडून ओरडले की, अरे भाई, पानी क्यों नहीं छोड़ते? तेव्हा दोन्ही गावं एका सुरात म्हणाली की, तुमी बसून राहिले म्हनून!

कोणी हसलं नाही. बाबूजी उठायला गेले तर पाटलांनी हात जोडले, आधी निवाडा करा म्हणाले. बाबूजींनी तुला विचारलं की, माई, तुम्हारा खेत कहाँ है? तू हात लांब करून दाखवलंस, पार शेवटी. मग ते म्हणाले, जो सबसे आख़िर में है, उसको पहले. आणि स्वतः धोतर खोचून तुडुमाच्या तोंडात ठोकलेली दट्टी काढायला पाण्यात उतरले. चिटणीसही उतरले, पण ते घसरून.

आता पुढची गंमत. मौन सुटल्यावरचा संदेश म्हणून ते ‘उसको पहले’चं वाक्य वर्तमानपत्रांत छापून आलं. एक पत्र म्हणतं, हा सरकारला इशारा आहे. दुसरं म्हणतं, हे येत्या निवडणुकीच्या तिकिटांविषयी आहे. त्यामुळे यादीत शेवटी नाव असलेले उमेदवार मिठाई घेऊन बंगल्यावर येत आहेत. बाबूजी मात्र शामकलेला सांगून फोडणीचं वरण दोनदा मागून जेवतात. तिच्या हातच्या वरणावर ते जेवढं बोलले तेवढं देशावर अजून बोललेले नाहीत.

आणि निवाड्याप्रमाणे माझी पाळी सगळ्यात शेवटी आली. पाळीखाली जन्म काढून मी पहिल्यांदा पाणी माझ्या बांधावरून पुढे जाताना पाहिलं. माझ्या चार बांध्या वाळल्या. याचं वाईट वाटलं हे लपवत नाही. शामकला तर दिवसभर माझ्याशी बोलली नाही, आता मौन तिच्याकडे आलं आहे. पण तुझ्या घरचं सामान गाडीत चढलेलं पाहण्यापेक्षा हे परवडलं. तुझं धान कसं आहे ते तेवढं लिही.
तुझा
देवचंद

खालची टोली
दि. ३० ऑक्टोबर

चि. देवचंदास व सौ. शामकलेस अनुसयाबाईचे पोटभर आशीर्वाद.

धान निसवलं. लोंब्या वाकल्या आहेत. गुलाबचंदांचा माणूस परवा पुन्हा आला होता, त्याला बांधावरून फिरवून आणलं आणि त्याच्या मालकांना चार मूठ पोह्यांचं वचन धाडलं. वच्छलेने ताटं-वाट्या पुन्हा फळीवर मांडल्या. त्या दिवशी मी पाण्याच्या पुढे चालत होते ते मागे वळून पाहिलं असतं तर रडले असते, म्हणून पाहिलं नाही. तुझ्या बांध्या वाटेत होत्या. त्यांच्या भेगा मला दिसल्या होत्या, देवचंद.

बाबूजींचा निवाडा शेताचा होता, आणि तो बरोबरच होता. बहिणीचा निवाडा मी वेगळा केला आहे. आंब्याजवळच्या माझ्या चार बांध्या मी कापणार नाही. वच्छलेलाही सांगून ठेवलं आहे की तिथे विळा लावायचा नाही. बाकीचं सगळं धान खळ्यावर येईल आणि त्या चार बांध्या तशाच उभ्या राहतील. येणारे-जाणारे मला विचारतील, काऊन ठेवून राहिली, आणि मी सांगेन की माझा भाऊ देशाच्या कामात आहे, त्याला सवड झाली की येईल. माझी अशी फजिती व्हायची नसेल तर शामकलेला घेऊन विळ्यासकट ये.

या वेळी मी रांधून ठेवते. तुमच्यावरचा लोभ काही मी पाळीने वाटत नाही, तो तुम्हीही वाटू नये.
तुझी बहीण
अनुसया