जुन्या लॅपटॉपची खाच

बाई, तुम्ही गेल्यानंतर तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, पण कागदावर आज पहिल्यांदाच लिहितेय. तसं मोठं काही घडलेलं नाही. वर्गातल्या जुन्या लॅपटॉपला एक कार्ड बसवलं, एवढंच. पण त्यापायी आठवडाभर जी वणवण झाली, ती आणखी कुणाला सांगून कळणार नाही. घरच्यांना सांगायला गेले तर म्हणतात, नवा घे.

इथे कोन गावात तुमच्याच बाहेरच्या खोलीत अजून कॉम्प्युटरचा वर्ग चालतो. शेजारचे कापडाचे लूम आता बंद आहेत, तिथे खोक्यांचं गोदाम झालंय. तुमच्या वेळी लूमच्या खडखडाटात तुम्ही ओरडून शिकवायचात आणि आत कुकरच्या शिट्ट्या मोजायचात, दोन्ही एकाच वेळी. आता इतकं शांत असतं की माझाच आवाज मला नकोसा होतो. मुलं येत नाहीत, त्यांच्या हातात फोन आहेत. येतात त्या दापोड्याला, वडप्याला गोदामांत माल उचलणाऱ्या बायका. उचलून उचलून थकल्यावर त्यांना टेबलावरचं काम हवं असतं. अशीच एक, वडप्याच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरची. कितीक वर्षं खोकी उचलली आणि या पावसाळ्यात तिची कंबर गेली. सुपरवायझर तिला म्हणाला की सोमवारी स्कॅनर आणि लॅपटॉप चालवून दाखव, जमलं तर टेबलावर बस, नाहीतर दुसरीकडे काम बघ.

बारकोडचा स्कॅनर मी ओळखीतून मागून आणला. लॅपटॉप मात्र वर्गात एकच जिवंत उरलाय, आणि त्याची यूएसबीची दोन्ही भोकं ढिली. माउस हलवला की स्कॅनर मरतो. एका भोकाची चार करणारा हब लावून पाहिला, पण तो त्याच ढिल्या भोकात लटकणार, मग काय उपयोग. दुरुस्तीवाला म्हणाला, मदरबोर्ड उघडावा लागेल, या वयाच्या मशीनला ते झेपणार नाही. मी लॅपटॉप उलटसुलट करून बघत बसले आणि कडेला ती खाच दिसली, प्लॅस्टिकची खोटी पट्टी घातलेली. पट्टी दाबली, बाहेर आली, आणि तुम्ही आठवलात.

अशा खाचेत सरकवायच्या, यूएसबीची जादा भोकं देणाऱ्या कार्डासाठीच आपण दोघी मुंबईला गेलो होतो. तुम्ही अख्खा लॅपटॉप कापडी पिशवीत घालून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून नेला होतात, चोराला भाजी वाटावी म्हणून. दुकानदाराने विचारलं, कुठलं देऊ? मी म्हणाले, कुठलंही चालेल. तुम्ही तिथेच, सगळ्यांसमोर म्हणालात, "कुठलंही चालेल म्हणणाऱ्याला लोक कुठलंही देतात." मला फार लागलं होतं ते. परतीच्या वाटेवर मी बोलले नाही. तुम्ही कल्याणला उतरून मला उसाचा रस पाजलात, तरी नाही.

तर या वेळी मीही लॅपटॉप पिशवीत घालून निघाले. कोथिंबीर नव्हती. भिवंडीतल्या दुकानात पोराने ड्रॉवरमधून एक कार्ड काढलं. खाचेच्या रुंदीचंच होतं. घातलं, ते अर्ध्यावर अडलं. "थोडा जोर लगाओ, जाएगा," तो म्हणाला. मी जोर लावला नाही. आपल्या लॅपटॉपहूनही जुन्या मशीनचं कार्ड होतं ते. बाहेरून दोन्ही खाचा सारख्याच दिसतात, आतले दात वेगळे. तुम्ही टॉर्च मारून दाखवले होतेत. मग आणखी दोन दुकानं, मग कल्याण. तिथे एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे दुसऱ्या जातीचं मिळालं, अरुंद. रुंद खाचेत ते बसतं, फक्त जरा डुलतं. त्याला मी तिथेच मशीन चालू करायला लावलं, कारण कार्ड बसलं तरी जुन्या विंडोजने ते ओळखायला हवं. ओळखलं. कार्डाच्या कडेला वेगळ्या विजेच्या वायरीसाठी बारीक भोक होतं. खाचेतून मिळणारी वीज जड वस्तूंना पुरत नाही, पण स्कॅनर आणि माउसला तेवढी बास. घरी आले तेव्हा पाय सुजले होते.

ती पाड्यावरची बाई संध्याकाळी यायची, खोक्यांवरची लेबलं पिशवीत भरून. स्कॅनर धरायची, बीप वाजला की स्क्रीनकडे न बघता माझ्याकडे बघायची. मी सांगायचे, माझ्याकडे नको, आकडा आला का ते बघ. कार्ड डुलतं म्हणून तिला त्याची फार भीती. एकदा तिने विचारलं, "मॅडम, ह्ये मधीच निघालं तं?"

"निघालं तर परत लावायचं."

"आन् मला काढलं तं?"

तुम्ही काहीतरी बोलला असतात. मी तिला म्हटलं, पुढचं लेबल घे.

सोमवारी ती गेली. गोदामातला लॅपटॉप नवा होता, त्याला कार्डबिर्ड काही लागलं नाही. मी कल्याणपर्यंत उगाच फिरले का, असं क्षणभर वाटून गेलं. पण तिला टेबल मिळालं, सध्या महिन्यापुरतं. आज शिफ्ट संपवून ती मुद्दाम सांगायला आली. कंबर कशी आहे विचारलं, तर म्हणाली, "दुखतेच हाय मॅडम. पन आता बसून दुखते." मग हसली, आणि वर्गातल्या खुर्चीवर न सांगता बसली. इतके दिवस बस म्हटल्याशिवाय बसत नसे. मी चहा टाकला. कप रिकामा झाला तरी ती उठली नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, हे मला कळतं. एक सांगते आणि थांबते. बाई, मला शिकवायला आवडत नाही. कधीच आवडलं नाही. दवाखान्यात तुम्ही खोलीची किल्ली माझ्या हातात दिलीत, तेव्हा तुमचा हात इतका हलका लागला की मला नाही म्हणवलं नाही. अजूनही कुणी दारात आलं की नाही म्हणवत नाही. उद्या तिच्या पाड्यावरून आणखी दोघी येणार आहेत.